अर्ध्या मैलाचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरच्या मोंढ्यात किंवा गुलमंडीच्या आसपास हार्डवेअरचे जुने दुकान ज्याने पाहिले आहे, त्याला न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरील इन्व्हरकार्गिल शहरातील ‘ई. हेज अँड सन्स’ हे दुकान फारसे परके वाटणार नाही. खिळे, स्क्रू, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, रंगाचे डबे, दोरखंड, तारा, पान्हे. छतापर्यंत गेलेल्या फळ्या आणि त्यांवर खोक्यांच्या रांगा. फरक एवढाच की, या खोक्यांच्या मध्येच एक लांबट, जुनी, शर्यतीची मोटारसायकल उभी आहे. दोन कड्या घ्यायला आलेले गिऱ्हाईकही तिच्यापाशी घटकाभर थबकते. पाहण्यासाठी तिकीट नाही. आता तर जगभरातून माणसे केवळ तिच्यासाठी त्या दुकानात येतात, आणि जाताना एखादा पान्हा विकत घेऊन जातात.

ती मोटारसायकल हर्बर्ट जेम्स मन्रो, म्हणजेच बर्ट मन्रो, या माणसाची. १९७८ साली तो वारला. तेव्हा त्याचे नाव शर्यतीच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. आज त्याच्यावर पुस्तके आहेत, चित्रपट आहे, त्याच्या नावाने दरवर्षी शर्यतींचा मेळावा भरतो. हे आपोआप घडलेले नाही. एका व्यापारी कुटुंबाने त्याची वस्तू सांभाळली, काही जणांनी त्याची हकिगत शोधून लिहिली, आणि एका मुलाने वडिलांच्या नावावरील जुना आकडा पुन्हा मांडून पाहिला. गाडीची गोष्ट सर्वतोमुखी झाली आहे. या सांभाळणाऱ्यांची मात्र क्वचितच सांगितली जाते.

प्रथम एक गैरसमज दूर केलेला बरा. मन्रोवरील चित्रपटाचे नाव ‘द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन’ असे आहे, आणि ते ऐकून आपल्याकडे अनेकांना तो कोणी भारतीय असावा असे वाटते. येथील ‘इंडियन’ हे मोटारसायकलच्या कंपनीचे नाव. अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड गावी जॉर्ज हेंडी याने १९०१ साली ही कंपनी काढली आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरून तिचे नाव ठेवले. १९११ साली आयल ऑफ मॅन बेटावरील विख्यात शर्यतीत या कंपनीच्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले होते. त्यांतील दुसऱ्या क्रमांकाचा स्वार, आयर्लंडचा चार्ल्स फ्रँकलिन, पुढे याच कंपनीत आरेखक झाला आणि त्याने ‘स्काउट’ नावाची गाडी सिद्ध केली. १९२० साली ती बाजारात आली, आणि त्याच वर्षी तिचा एक नग समुद्र ओलांडून इन्व्हरकार्गिलला पोहोचला. इंजिनाचा क्रमांक होता ५०आर६२७. एकवीस वर्षांच्या मन्रोने तो विकत घेतला आणि पुढील सुमारे सत्तावन्न वर्षे तो त्याच्याजवळच राहिला.

मन्रोचा जन्म २५ मार्च १८९९ चा. सोबत जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच गेली, आणि हे मूलही दोन वर्षांपलीकडे जगणार नाही असे वैद्यांनी आईवडिलांना सांगितले होते. मूल जगले, एडनडेल गावाजवळच्या शेतावर वाढले आणि घोड्यांपासून यंत्रांपर्यंत जे जे वेगाने धावेल त्याच्यामागे लागले. त्याच्या नावाचीही एक गंमत आहे. घरचे त्याला ‘बर्ट’ म्हणत. इंग्रजीत ते ‘ई’ या अक्षराने लिहिले जाई. १९५७ च्या सुमारास एका अमेरिकन नियतकालिकाने ते चुकून ‘यू’ अक्षराने छापले. चूक दुरुस्त करून घेण्याऐवजी मन्रोने थट्टेने तेच स्पेलिंग स्वीकारले. नावातील चूक त्याने हसून घेतली. आकड्यातील एक चूक मात्र त्याच्या हयातीत कोणाच्या लक्षातच आली नाही. तिच्याकडे पुढे येऊच.

मूळ गाडीचे इंजिन ६०० सीसीचे, आणि वेग ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. १९२६ पासून मन्रोने तिच्यात फेरफार करण्यास प्रारंभ केला. जवळ पैसा बेताचा. दिवसा मोटारसायकलींची विक्री आणि दुरुस्ती हा पोटाचा उद्योग. रात्री स्वतःच्या शेडमध्ये गाडीचे काम. कित्येकदा रात्रभर काम करून तो सकाळी तसाच कामावर जाई. सुटे भाग विकत आणणे परवडत नसल्यामुळे तो ते स्वतःच घडवी. जुन्या पत्र्याच्या डब्यांत धातू ओतून पिस्टन, सिलिंडरची नळकांडी, फ्लायव्हील, असे सारे घरीच. मोजमापासाठी मायक्रोमीटर म्हणून चाकाची जुनी तार वापरल्याचीही नोंद आहे. साहजिकच भाग तुटत, फुटत, वितळत. असे निकामी झालेले भाग तो भंगारात न देता शेडमधील एका फळीवर मांडून ठेवी. त्या फळीवर त्याने वेगाच्या देवतेला अर्पण अशा अर्थाची अक्षरे लिहिली होती. घरात प्रत्येक फसलेल्या व्यवहाराची नोंद अशी उघड्यावर मांडून ठेवणारे व्यापारी किती असतील, हा प्रश्न येथे मनात येतो. मन्रोची ती फळी म्हणजे त्याच्या नुकसानीची खतावणीच होती, आणि तिच्याकडे पाहतच तो पुढचा पिस्टन ओती.

याची किंमत घरानेही मोजली. १९२७ साली त्याचे लग्न झाले, चार मुले झाली, आणि १९४७ साली घटस्फोट झाला. पुढे तो शेडवजा घरात गाडीशेजारीच राहू लागला. त्याच्या चाहत्यांना ही बाजू फार काळ पाहायला आवडत नाही. तथापि, चरित्र म्हणून वाचायचे तर हा खर्चही मांडलाच पाहिजे.

अमेरिकेच्या यूटा राज्यात बॉनेव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण, आरशासारखे सपाट मैदान आहे. वेगाचे विक्रम तेथे नोंदवले जातात. मन्रो तेथे एकंदर दहा वेळा गेला. १९६२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ८८३ सीसीच्या वर्गात त्याने ताशी सुमारे १७९ मैलांचा विक्रम केला. १९६६ साली १००० सीसीच्या वर्गात ताशी १६८ मैल. आणि १९६७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, सत्तेचाळीस वर्षांच्या जुन्या गाडीवरून, त्याच वर्गात ताशी १८३.५८६ मैल, म्हणजे सुमारे २९५.४५ किलोमीटर. तोवर इंजिन ९५० सीसीपर्यंत वाढले होते, आणि गाडीवर माशाच्या आकाराचे कवच चढले होते. स्वार त्याच्या आत जवळजवळ आडवा होऊन बसे. एका धावेत गाडी एवढी डगमगू लागली की, वेग उतरवण्यासाठी तो उठून बसला. वाऱ्याने चष्मा उडवला, समोरचे दिसेनासे झाले, आणि अखेर त्याने गाडी कुशीवर घालूनच ती थांबवली.

आता सांभाळणाऱ्यांकडे वळू. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मन्रोला हृदयविकार जडला होता. १९७७ साली पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा मेळ पूर्वीसारखा बसत नाही, हे त्याच्या लक्षात आले. ‘स्काउट’ आणि १९३६ ची ‘व्हेलोसेट’ या आपल्या दोन्ही गाड्या साउथलंड प्रांतातच राहाव्यात, अशी त्याची इच्छा होती. त्याने त्या गावातीलच व्यापारी नॉर्मन हेज यांना विकल्या. काही महिन्यांतच, ६ जानेवारी १९७८ रोजी, तो वारला.

हेज कुटुंबाची पेढी आपल्या वाचकांना ओळखीची वाटेल अशीच आहे. अर्नेस्ट हेज हा ओटुरेहुआ नावाच्या आडगावी राहणारा कारागीर. १८९५ पासून तो शेतकऱ्यांसाठी साधने घडवू लागला. कुंपणाची तार ताणण्याचे त्याचे साधन पुढे फार दूरवर गेले. माल घडवणारा घरात होता, पण गिऱ्हाईक मैलोन्‌मैल विखुरलेले. तेव्हा त्याची पत्नी हॅना सायकलीवर बसून शेतोशेती फिरे आणि मागणी नोंदवून आणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, डोंगराळ मुलखात, घरची बाई सायकलीवर पेढीची विक्री सांभाळते आहे, ही गोष्ट खरे तर स्वतंत्र लेखाची आहे. या घराण्यातील आयर्विंग हेज याने १९३२ साली इन्व्हरकार्गिलला दुकान काढले. नॉर्मन त्याच घराण्यातला.

नॉर्मन हेज यांनी गाड्या घेतल्या तेव्हा मन्रोवर कोणताही चित्रपट आलेला नव्हता. जुन्या यंत्राला आज जे मोल आले आहे, त्याचा अंदाज तेव्हा कोणालाही बांधता येण्याजोगा नव्हता. भंगार म्हणून पाहिले तर ते काही किलो लोखंड आणि अॅल्युमिनियम होते. गाडी घेणाऱ्याने ती पुढे अधिक पैशांत परदेशी विकली असती, तरी व्यवहार म्हणून त्यात गैर काहीच नव्हते. परंतु विकणाऱ्याने गाडी गावात राहावी म्हणून दिली आहे, ही अट कागदावर असो वा नसो, पेढीने पाळली. चित्रपट गाजल्यानंतर त्यात वापरलेल्या प्रतिकृतीही त्याच दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

वस्तू राहिली म्हणजे माणूस राहतो असे नाही. वस्तूला बोलते करणारा कोणी लागतो. मन्रोच्या बाबतीत हे काम त्याच्या हयातीतच सुरू झाले होते. रॉजर डोनाल्डसन या तरुण चित्रपटकाराने १९७१ साली त्याच्यावर माहितीपट केला, आणि त्याला शेडमधील त्या फळीवरच्या अक्षरांचेच नाव दिले. मन्रो गेल्यावरही डोनाल्डसन यांच्या मनातून तो विषय गेला नाही. २००५ साली, म्हणजे चौतीस वर्षांनंतर, त्यांनी अँथनी हॉपकिन्स यांना घेऊन पूर्ण लांबीचा चित्रपट काढला. दरम्यान, २००२ साली साउथलंडमधीलच जॉर्ज बेग यांचे पुस्तक आले. बेग स्वतः शर्यतपटू, आणि शर्यतीच्या मोटारी घडवणारे. मन्रोच्या हाताखालून गेलेले धातूचे काम पाहून त्यात काय साधले आहे आणि काय फसले आहे, हे ओळखण्याची नजर त्यांच्याजवळ होती. २००५ साली टिम हॅना यांनी सविस्तर चरित्र लिहिले. २००६ साली अमेरिकेतील मोटारसायकलस्वारांच्या सन्मानदालनात मन्रोचे नाव दाखल झाले. त्याच सुमारास त्याच्या नावाने साउथलंडमध्ये वार्षिक शर्यती भरू लागल्या.

प्रसिद्धी आली की गोष्टीला पाय फुटतात. चित्रपटात मन्रो एकदाच अमेरिकेला जातो आणि विजयी होऊन परततो. प्रत्यक्षातील दहा खेपांचा चित्रपटाने एक प्रवास केला. चित्रपट म्हणून ते क्षम्य आहे. दोन तासांत दहा खेपा कोण पाहील? पण चित्रपट पाहून जो तो आकडे सांगू लागला की गोंधळ होतो. कोणी म्हणतो मन्रोचा वेग ताशी २०५ मैल, कोणी १९०, कोणी १८३. तिन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या वह्यांतले आहेत, आणि हा भेद व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. ताशी २०५.६७ मैल, म्हणजे ३३१ किलोमीटर, ही कच्ची नोंद; अनधिकृत धावेतील वेग, विक्रमाच्या खात्यात न चढलेला. ताशी १९०.०७ मैल, म्हणजे सुमारे ३०६ किलोमीटर, ही १९६७ च्या पात्रता धावेतील अधिकृत नोंद, पण केवळ एका दिशेची. विक्रमाची पक्की नोंद म्हणजे दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी.

सरासरी का घ्यायची? मैदान सपाट असले तरी वारा असतो. वारा पाठीशी असला तर गाडी वाजवीपेक्षा वेगवान दिसते, तोंडावर असला तर मंद. म्हणून स्वाराने मोजलेल्या अंतरातून एकदा जायचे आणि नेमून दिलेल्या वेळेत उलट दिशेने परत यायचे. दोन्ही वेगांची बेरीज करून निम्मी करायची. तराजूची पारडी अदलाबदल करून वजन पुन्हा घेण्याचीच ही रीत.

१९६७ च्या विक्रमाचे हे दोन वेग होते ताशी १८४.७१० मैल आणि ताशी १८३.४६३ मैल. बेरीज ३६८.१७३. निम्मे केले की १८४.०८७ येतात. अमेरिकन संघटनेने मात्र १८३.५८६ हा आकडा नोंदवला होता. फरक अर्ध्या मैलाचा. १९६७ पासून ही गफलत तशीच राहिली. पुस्तकांत हाच आकडा, चित्रपटाच्या प्रसिद्धीत हाच, सन्मानदालनातही हाच. तो चुकीचा आहे असे कोणालाच वाटले नाही, याचे कारणही उघड आहे. तो आकडा दोन धावांच्या मध्येच बसतो. तो दोन्हींपेक्षा मोठा किंवा दोन्हींपेक्षा लहान असता, तर पहिल्याच वाचकाला खटकला असता. ज्यांनी खतावणी हाताळली आहे त्यांना ठाऊक असेल की, हजारांची गफलत संध्याकाळच्या मेळातच सापडते. जी रक्कम दिसायला रास्त असते, ती मात्र वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते.

ती सापडली मन्रोचा मुलगा जॉन याला. वडिलांच्या विक्रमाचे आकडे पाहताना त्याने बेरीज स्वतः करून पाहिली. एवढेच. कोणतेही गूढ दफ्तर उघडावे लागले नाही. आकडे डोळ्यांसमोरच होते. संघटनेला कळवण्यात आले, तिने चूक मान्य केली, आणि २०१४ साली, मन्रोच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, १९६७ चा विक्रम ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे २९६.२६ किलोमीटर, असा दुरुस्त झाला.

या दुरुस्तीचे महत्त्व वेगात शोधू नये. अर्ध्या मैलाने मन्रो मोठा झाला नाही आणि त्यावाचून तो लहानही नव्हता. पण त्याचे चाहते लाखांनी असताना, त्याच्यावर एवढे लिहिले गेले असताना, ती बेरीज करण्याचे काम घरच्या माणसाला करावे लागले, ही बाब विचार करण्याजोगी आहे. चाहता गोष्ट पुढे सांगतो. आकडा तपासून पाहावा असे त्यालाच सुचते, ज्याला त्या आकड्यामागचा माणूस शेडमध्ये वाकलेला आठवतो. उलट, घरच्या माणसावर सारे सोपवूनही भागत नाही. घरचे प्रेमापोटी कच्ची नोंद पक्क्या वहीत चढवतात. त्याला आवर घालायला बेग यांच्यासारखा त्या विद्येतला त्रयस्थ लागतो.

हा विषय संभाजीनगरच्या वाचकाला दूरचा वाटू नये. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला तेव्हापासून या शहराचे अर्ध्याहून अधिक बोलणे दुचाकीभोवती फिरते. सुट्या भागांची दुकाने, लेथची वर्कशॉप, पुरवठादार, वितरक. यांत आपली व्यापारी घराणी कमी नाहीत. पण त्याच्याही आधी, मद्रासला १९५५ पासून ‘बुलेट’ बनू लागली आणि पुढील दशकात म्हैसूरची ‘जावा’ व ‘राजदूत’ रस्त्यावर आल्या, तेव्हा मोंढ्यातील कित्येक घरांत कोणा काकांनी किंवा मामांनी पहिली मोटारसायकल आणली. त्यावर बसून त्यांनी पैठण, गंगापूर, कन्नड, वैजापूरकडे उगराणी केली, अजिंठ्याच्या घाटातून जळगाव गाठले. त्यांतील एखादा मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरील शर्यत पाहून आला, एखादा गावच्या स्पर्धेत उतरला. घरात त्यांची एक-दोन वाक्यांची आख्यायिका उरलेली असते, आणि तिच्यातील वेग दर पिढीला ताशी दहा मैलांनी वाढत जातो.

अशा माणसाची हकिगत शोधायची तर प्रारंभ कोठून करावा? मन्रोच्या गोष्टीत इंजिनाचा क्रमांक हा सर्वांत भरवशाचा साक्षीदार ठरला. आपल्याकडेही गाडी विकली गेली असली तरी तिचे जुने नोंदणीपुस्तक, विम्याची पावती किंवा पेट्रोलच्या खर्चाची वही कपाटाच्या तळाशी सापडते. इंजिन व चासीचा क्रमांक, खरेदीची तारीख, रक्कम, एवढे मिळाले तरी आख्यायिकेला पाया मिळतो.

जुन्या वह्या वाचताना मात्र मराठवाड्यात विशेष सावधगिरी हवी, आणि येथेच अर्ध्या मैलाच्या चुका घडतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सरकारी कागद उर्दूत, तर पेढीच्या वह्या मोडीत किंवा महाजनी लिपीत. रक्कम हाली शिक्क्यात आहे की कलदार रुपयांत, हे पाहावे लागते. सात रुपये हाली म्हणजे साधारण सहा रुपये कलदार. एखाद्या आजोबांनी ‘सातशेला’ घेतलेली गाडी कलदार हिशेबाने सहाशेची ठरू शकते. हाली नाणे १९५९ पर्यंत चलनात होते. त्यामुळे संस्थान विलीन झाल्यावरच्या नोंदीतही हा घोळ संभवतो. तारखांचे तर विचारूच नये. एकाच घराच्या दोन वह्यांत विक्रम संवत, वीर निर्वाण संवत आणि सरकारी कागदावर फसली सन, असे तिन्ही भेटतात. फसली १३५७ म्हणजे इसवी सन १९४७-४८. विक्रम संवतातून चैत्र ते पौष या महिन्यांसाठी सत्तावन्न आणि त्यापुढे छप्पन्न वजा करायचे, तेही मारवाडी रीतीच्या वहीत. गुजराती रीतीच्या वहीत वर्ष कार्तिकात बदलते, हे विसरले की आजोबांचे लग्न वर्षभर पुढे-मागे सरकते.

कागदांनंतर माणसे. जुन्या शहरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेले मेस्त्री अजून भेटतात. त्यांना गाडीच्या मालकाचे नाव आठवत नाही, पण गाडीचा आवाज, तिची खोड, मालक तिला किती जिवापाड जपे, हे लख्ख आठवते. त्यांच्याकडे जाताना गाडीचे छायाचित्र सोबत न्यावे. केवळ नावाने चौकशी केली तर बोलणे पुढे सरकत नाही. मोबाइलवर आवाज नोंदवून घ्यावा, आणि घेण्यापूर्वी त्यांची परवानगी विचारावी. त्यांनी सांगितलेले वेगळ्या शाईत लिहावे आणि कागदावर मिळालेले वेगळ्या शाईत. दोहोंत विसंगती आढळली तर ती तशीच ठेवावी. आपल्या सोयीची सरासरी काढू नये.

एक अडचण मात्र दरवर्षी ठरलेल्या वेळी येते. दिवाळीपूर्वीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरच्या वह्या, पत्रांचे गठ्ठे, काळवंडलेली छायाचित्रे आणि जुने लोखंडी भाग खाली येतात. वह्या रद्दीत जातात, लोखंड भंगारवाल्याच्या हातगाडीवर. मग लक्ष्मीपूजनाला नव्या वहीचे पूजन होते. किलोवर मोजून दिलेल्या त्या गठ्ठ्यात काकांच्या गाडीचे नोंदणीपुस्तक होते की नव्हते, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. काही घरांत आता निराळी पद्धत रुळते आहे. माळ्यावरून खाली आलेली प्रत्येक वही घरातील सर्वांत मोठ्या माणसापुढे एकदा उघडायची, आणि त्यांनी ‘जाऊ दे’ म्हटल्यावरच ती दाराबाहेर न्यायची. बहुतेक वह्यांना परवानगी मिळते. एखादीच्या पानावर मात्र त्यांचे बोट थांबते. उतारवयाचे डोळे बारीक करून ते ओळ वाचतात, आणि विचारतात, “ही ‘जावा’ची रक्कम हाली की कलदार, पाहिलंस का रे?”